काकूच्या हातचं

"काल पोरांनी काय काय खाल्लं?" अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं तशी दीपालीने लेकीचं, ईश्वरीचं, सगळं सांगून टाकलं. भाकरी, मेथीची भाजी, अंडं, पपई. ताईंनी कौतुकाने मान हलवली आणि शेजारी बसलेल्या थोरल्या जावेच्या, मंजुळाच्या, पोटात दुखलं.

"माझा नुसता दूधभात खातो," ती तुटकपणे म्हणाली. "दुसरं तोंडात घेतच नाही."

दीपाली घुटमळली. "आक्का, तुम्ही कांद्याच्या शेडवर गेलात की तो माझ्याकडे सगळं खातो. काल तर ईश्वरीच्या हातातलं अंडं ओढून घेतलं. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही."

"मग काळजीच नको," ताई म्हणाल्या. मंजुळाला खरंतर बरं वाटायला हवं होतं. पण मघाशी पुतणीच्या ताटाचा वाटत होता तो हेवा आता जावेच्या हाताचा वाटू लागला.

संध्याकाळी तिने स्वतः अंडं उकडून लेकापुढे घास धरला. त्याने ओठ घट्ट मिटले आणि काकूकडे पाहिलं.

मंजुळाने ताटली दीपालीपुढे सरकवली. "तूच भरव," ती म्हणाली. तिथून उठली मात्र नाही.