खिडकीकडे तोंड करून

पिंप्राळ्याच्या त्या खोलीत सकाळचा उजेड घाईने येत नसे. आधी तो समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर थबके. मग गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांतून झिरपून खाली उतरे, खिडकीच्या गजांच्या सावल्या टेबलावर अंथरी, आणि अखेर संकोचत आत येऊन स्टुलावर बसलेल्या माणसाच्या गळ्याशी थांबे. त्यात विशेष काहीच नव्हते. रोजचा, कुणी मुद्दाम न पाहिलेला, किंचित पिवळट उजेड. भूषण त्या उजेडात उघड्या छातीने बसला होता आणि त्याची थोरली बहीण ललिता त्याचे हृदय ऐकत होती.

"खिडकीकडे तोंड कर," ती दर वेळी म्हणे. "उजेडमा बरं पडस."

ललिता पिंपळनेरच्या पलीकडे एका उपकेंद्रात परिचारिका होती. तिच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रे असत. ती काढली तर जग विझे. ठेवली तर स्टेथोस्कोप कानात बसत नसे. भूषण जळगावातल्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवी. जबड्याचे माप घेतात तसे त्याने बहिणीच्या कानांचे माप घेतले, आणि स्टेथोस्कोपच्या टोकांवर बसतील, श्रवणयंत्राला पोटात सामावून घेतील अशी पोकळ बोंडे घडवली. रंग हिरडीचाच, गुलाबी. लॅबमध्ये दुसरा नव्हता.

"मना कानले हिरड्या फुटन्यात रे भाऊ," पहिली जोडी घालताना ती हसली होती. "आते दात कव्हय येतीन?"

त्यानंतर अनेक जोड्या झाल्या. एक सैल होई, एक टोचे, एकीतून यंत्राची बारीक शिट्टी निघे. पारखायची रीत दोघांची ठरलेली होती. ललिताने ठोका ऐकावा आणि त्याच वेळी डाव्या हाताचे बोट टेबलावर आपटावे. भूषणने स्वतःची नाडी धरून ते ताडून पाहावे. स्वच्छ सकाळी बोट क्वचितच चुके. ढगाळ दिवशी मात्र वाट हरवल्यासारखे भरकटे, आणि भूषण मुकाट्याने नवी जोडी करायला घेई. दोष बोंडात आहे, असे तो म्हणे. त्याला दुसरे काही म्हणता येत नसे.

पावसाळ्यात पाड्यावरचा आमश्या आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन उपकेंद्रात आला होता. ललिताने छाती तपासून साफ असल्याचे सांगितले. पाठोपाठ त्या मुलीला धापा टाकत्या अवस्थेत धुळ्याला न्यावे लागले. ती वाचली. "बोंड सैल पडनं व्हई, अक्का," एवढेच भूषण तेव्हा बोलला होता.

त्या प्रकारामुळेच आज दुपारी धुळ्याला ललिताची परीक्षा होती. मोठ्या डॉक्टरांसमोर रुग्णांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून काय ऐकू येते ते तिने सांगायचे. जमले तर ती आपल्या पाड्यांवर परत जाणार होती, जिथल्या बायका बाळंतपणात तिचेच नाव घेत. नाही जमले, तर औषधांच्या गोदामात खोकी मोजणे.

टक्. टक्. टक्. बोट अचूक पडत होते. मनगटावर दोन बोटे ठेवून भूषण प्रत्येक ठोका ताडून पाहत होता, आणि कितीतरी दिवसांनी त्याला सुख म्हणावे असे काहीतरी वाटत होते. ही जोडी साधली होती.

तेवढ्यात त्यांची आई, ताईबाई, चहा घेऊन आली.

"उघडा बठेल शे गधडा! थंडी भराई जाई ना!" असे म्हणत तिने दोरीवरचा मफलर ओढला, लेकाच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले आणि चहा ठेवून निघून गेली.

बोट थांबले.

छातीवरची चकती जागची हलली नव्हती. कानातली बोंडेही नाहीत. भूषणने वर पाहिले. ललिताची नजर त्याच्या गळ्यावर खिळली होती. एखाद्याच्या तोंडावर दार लागावे तशी ती नजर त्या लोकरीपाशी उभी होती.

"आयकू येस ना, अक्का?"

तिने त्याचे ओठ वाचले. "येस ना. साफ येस," ती म्हणाली, आणि बोट पुन्हा पडू लागले. संथ, एकसारखे, भिंतीवरच्या घड्याळासारखे.

मनगटावर भूषणची नाडी भीतीने धावत होती.

मग त्याने हळूच मफलरचा एक वेढा सोडला, मग दुसरा. उजेड पुन्हा त्याच्या हडकुळ्या गळ्यावर आला. तिथे कातडीखाली एक शीर उडत होती. ललिताचे बोट क्षणभर अडखळले आणि त्या शिरेबरोबर धावू लागले. टक् टक् टक् टक्. एकही ठोका चुकला नाही.

तिने कानातून स्टेथोस्कोप काढला, गुलाबी बोंडे पदराने पुसली आणि तो पिशवीत ठेवला. पिशवीचे बंद बांधताना ती भावाकडे पाहत नव्हती.

"तठे, परीक्षाना खोलीमा, खिडकी व्हई ना रे, भाऊ?"

चहावर साय धरली होती. बोंडांत कुठलाच दोष नव्हता, पहिल्या जोडीतही नव्हता. अक्काला हृदय ऐकू येत नव्हते.