लाज कसली?

गुळाचे अडते चनबसाप्पाअण्णा. २००३ साली त्यांनी कोल्हापुरात बायकांसाठी कॅन्सर तपासणीचं शिबिर भरवलं आणि माइक काही हातातून सोडला नाही. "आयाबहिणींनो, छातीत गाठ लागली, अंगावरनं पांढरं जायला लागलं, तर बोला की! रोगाला लाज कसली?" टाळ्यांचा नुसता कडकडाट. अण्णा तेवढे मधूनमधून मंडपामागं जाऊन येत होते आणि यायला बराच वेळ लावत होते. पण पुरुषांनाही त्यांचा असा एखादा कॅन्सर असतो, हे ना त्यांच्या पोस्टरवर होतं, ना डोक्यात.

महिन्याभरानं लघवीत रक्त दिसलं आणि अण्णांचं धाबं दणाणलं. कॅन्सरची डॉक्टर म्हणून ओळखीची ती शिबिरातली अंतराबाईच. आता बाईमाणसाला हे सांगायचं कसं? अण्णांनी दुखणं बायकोच्या नावावर खपवायचं ठरवलं, रत्नव्वाला स्कूटरवर मागं बसवलं आणि वाटेत बजावलं, "बोलतो मी. तू नुसती मान हलीव."

केबिनमध्ये शिरल्या शिरल्या अण्णा सुरू झाले. "हिला लई तरास हाय, बाई. लघवी अडकत्या. धार सुटंस्तोवर भिंतीला हात लावून उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन पायाला मुंग्या येत्यात. परवा तर रगात बी दिसलं."

अंतराबाईंनी पेन खाली ठेवलं. रत्नव्वाकडं बघत विचारलं, "काकू, उभं राहून?"



रत्नव्वानं ठरल्याप्रमाणं मान हलवली.