वाकवलेली पट्टी

बाबा गेल्यावर लेकीने त्यांचं छोटं विमान एकटीने उडवलं, तर ते उजवीकडेच कलू लागलं. हँगरमध्ये मेकॅनिककाकांनी तारा ताणून पाहिल्या, कप्प्या फिरवल्या, बिजागऱ्या हलवल्या. दोष कशातच नव्हता. मग पंखाच्या मागच्या कडेची बोटभर पट्टी वाकलेली दिसली आणि ते हसले. "हा तुझ्या बाबांच्या ढेरीचा हिशेब! ते डावीकडे बसले की विमान तिकडे झुकायचं, म्हणून त्यांनीच ती वाकवली. तू पडलीस काडीपहिलवान. आण पक्कड, सरळ करतो." "राहू द्या, काका." "अगं, सतत दांडा डावीकडे रेटावा लागेल. हात भरून येईल." "येऊ दे." विमान पुन्हा उडालं. बाबांचं वजन हातावर पेलत तिने पंख समतोल धरले. धावपट्टी मागे पडली, नदी गेली, मग दंडात कळ उठली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला काहीतरी दुखत होतं.