नारिंगी धूर

"सगळं ठीक म्हण आणि मोकळी हो बाई!" क्लाईड रेडिओवर ओरडला.

मर्ना खाली खाणीत, नुकत्याच फुटलेल्या दगडांच्या राशीजवळ उभी होती. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीजवळच्या त्या सोन्याच्या खाणीत सुरुंग उडवणाऱ्यानं स्वतः फिरून 'ठीक' म्हटल्याशिवाय एकही यंत्र हलत नसे. क्लाईड मुकादम असला, तरी त्या एका शब्दापुढे त्याचं काही चालत नसे, आणि तेच त्याला झोंबायचं.

"धूर नारिंगी होता," मर्ना म्हणाली.

"काल पाऊस पडलाय. थोडा रंग दिसणारच."

"फक्त भोकांच्या तिसऱ्या ओळीवर? बाकी नुसती धूळ होती. स्फोटाची लाट भोकात भरलेल्या स्फोटक मालातून आवाजाच्याही पुढे धावते, क्लाईड. तिथे ती पाण्यात अडखळली. थोडा माल नुसता जळला, उरलेला खाली तसाच पडलाय. खोदताना बझच्या यंत्राचा दात त्यावर बसला, तर त्याच्या बायकोला तू सांगायला जाणार?"

क्लाईडला ते पटत होतं, हीच पंचाईत होती. पण हातातल्या कागदावर तिसऱ्या ओळीपुढे माल भरणारा म्हणून ट्रेव्हरचं नाव होतं. सुरुंगांच्या प्रमुखाची निवड आज संध्याकाळी व्हायची होती. मर्ना किंवा ट्रेव्हर, दोघांपैकी एक. बाईनं ऐन वेळी बरोबर डाव साधला, असं त्याला वाटलं.

मर्ना चढ चढून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा त्यानं आवाज खाली आणला.

"हे बघ, जागा तुलाच मिळणार आहे. तुझं नाव मीच सुचवलंय. मग त्या बिचाऱ्याला कशाला पाण्यात बघतेस? हे लेखी झालं की खाण दिवसभर बंद, आणि माल भरणाऱ्याचा परवाना गेला."

"गेला तर गेला. लिही."

"अगं, दोन पोरं आहेत त्याला!"

"लिही म्हणते ना! माल भरण्याआधी भोकात दोरी सोडून पाणी मोजलं नाही."

क्लाईडनं रागारागानं पेन काढलं. संध्याकाळी आपलं मत फिरवायचं, हे त्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. या बाईच्या हाताखाली माणसं द्यायची नाहीत. 'ट्रे...' एवढं त्यानं लिहिलंही.

मर्नानं त्याचा हात धरला.

"ट्रेव्हर नाही. सकाळी त्याची पाठ धरली होती. तिसरी ओळ त्याच्याऐवजी मी भरली."