गुळवेलीचे तुकडे

"वेलीला हात लावायचा नाही," मी ओट्यावरूनच म्हणालो.

फाटकाशी आलेली मुलगी जागीच थांबली. विद्यापीठातून आले, म्हणाली. आमच्या कडुनिंबावरच्या गुळवेलीचे तुकडे तिला हवे होते. रक्ताच्या कॅन्सरवर त्यातलं काही चालतं का, ते प्रयोगशाळेत तपासायचं होतं.

"पुडी केवढ्याला विकणार?"

"मी काही विकत नाही, काका."

"सगळे आधी असंच म्हणतात."

याच वेलीचा काढा मी बायकोला तीन महिने पाजला होता. तिला तोच आजार होता. काढा सांगणारा माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "दवाखान्याची इंजेक्शनं बंद करा, शंभर टक्के बरी होईल." मी बंद केली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती गेली.

"मग याने माणूस बरा होतो का?" मी मुलीला विचारलं.

"आज सांगता येत नाही. कदाचित काहीच हाती लागणार नाही. कुणी आजारी असेल तर दवाखान्याचं औषध सोडू नका."

मी फाटक उघडलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही मला "सांगता येत नाही" असंच म्हणाल्या होत्या. तेवढ्यावरून मी त्यांना अडाणी ठरवलं होतं.