दोघांपुरता ट्रेलर

“माणसाला चार भिंतींची गरजच नसते!” असं जाहीर करून नुकतेच रिटायर झालेले देवदत्त बायकोला घेऊन ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरांच्या, शोरूममध्ये शिरले. घर तीस वर्षं पाहुण्यांनी भरलेलं. आता फक्त दोघांनी अमेरिका पाहायची. सेल्समनने ऑप्शन्सची यादी उघडली आणि त्यांच्या बायकोने, सुवर्णाने, हर्नडन गावात राहणाऱ्या बहिणीला, रेणूला, व्हिडिओ कॉल लावला. “सहा बंक बेड घे गं, आणि आईला खालचा,” रेणू म्हणाली. “भाऊजी, ड्राइव्ह तुम्हीच करणार ना? आमच्या यांची पाठ दुखते.” “किचन बाहेरचं हवं,” सुवर्णा म्हणाली, “आत फोडणी दिली की आठही जणांच्या पांघरुणांना वास लागेल.” “आठ?” देवदत्त दचकले. “अहो, दोघंच जायला आपण काय संन्यास घेतलाय?” एकेका ऑप्शनगणिक ट्रेलर लांबत गेला. शेवटी सेल्समन देवदत्तांकडे वळला. “तुम्हाला काही हवंय, सर?” देवदत्त पुटपुटले, “बाथरूमला आतून भक्कम कडी तेवढी बसवा.”