कडुनिंबाची साक्ष

झाडं खोटं बोलत नाहीत. म्हणून बुजवलेल्या कोळसा खाणीवर जंगल खरंच उभं राहिलं का, हे आता कायद्यानुसार झाडांनाच विचारावं लागतं. खोडाला यंत्र लावायचं आणि उत्तर ऐकायचं. बहुतेक अधिकारी यंत्र लावत आणि आवाज बंद ठेवत.

चंद्रपूरकडच्या एका खाणीवर तपासणी अधिकारी खिरटकरांनीही तेच केलं. पण गावच्या वेणूबाई मडावी पुढे आल्या.

"आवाज तं लावा, सायेब. तुमी मंजूर केलं का कंपनी निघून जाते. मंग आमच्या शेळ्या काय दगडं खातीन?"

सगळं गाव बघत होतं. खिरटकरांनी बटण दाबलं.

"नमस्कार साहेब," कडुनिंब म्हणाला. "ओळखलंत ना? मागच्या महिन्यात नदीपलीकडच्या खाणीवर भेटलो होतो."

"त्याआधी टेकडीमागच्या खाणीवर," शेजारचा करंज आपुलकीनं म्हणाला. "आम्ही ट्रकनं येतो. कुंड्या तेवढ्या मातीत पुरतात. तुमची तब्येत सुधारली हो!"

गावात हशा पिकला. कंपनीचे मॅनेजर एकाएकी आभाळाकडे बघू लागले. खिरटकरांचे कान तापले. त्यांना त्या करंजाच्या मागे लपावंसं वाटलं, पण करंज फारच बारीक होता.

वेणूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हात जोडले.

"आता तं नामंजूर करसान ना, सायेब?"

खिरटकरांना मान वर करवेना. मंजुरीवर त्यांनी सकाळीच सही केली होती, कंपनीच्या गेस्ट हाऊसवर, तर्री-पोहे खाता खाता.